गळ्यातली नळी

मुलुंड, गुरुवार, ऑगस्ट १९८५

चाळीतल्या आईबापांनो, मार्क आपल्या पोरांनी मिळवायचे आणि मेडिकलच्या जागा पैसेवाल्यांनी विकत घ्यायच्या!

उद्याच्या सत्काराचं भाषण इथवर झकास जमलं होतं. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष परब आले. सत्कार त्यांच्याच दिवट्याचा. माझ्या शैलापेक्षा कितीतरी कमी मार्क, पण देणगी भरून खासगी कॉलेजात प्रवेश. कॉलेज अजून उघडायचंय, आणि हा गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून जिन्यात मिरवतो.

"मास्तर, पोराबद्दल दोन गोड शब्द बोला ना. पुढच्या वर्षी शैलाचंही तिथे बघू. देणगीचं मी सांभाळतो."

मी शैलाला चहा आणायला सांगितला. सभा गाजवणारा मी! शैलाची थोडक्यात हुकलेली जागा आठवली. विकला गेलो असतो का? बहुतेक हो.

परब गेल्यावर शैला कप उचलत म्हणाली, "बाबा, मी बीएस्सी करीन. पण त्या नळीसाठी तुम्ही टाळ्या मागितल्यात, तर मी पहिल्या रांगेतून उठून जाईन."

विकत घेतलेल्या नळीतून हा उद्या कुणाचं काळीज ऐकणार? थू!

भाषणाचा शेवट आत्ताच लिहून ठेवतो. लोकहो, परबांचं पोर मंचावर येईल तेव्हा एकानेही टाळी वाजवू नका.