तक्रारपेटीतले एकसष्ट कागद

उखिया, सोमवार

मोझम्मेल मामांना रुबाईचा सलाम.

मामींचा गुडघा कसा आहे? आणि तुमची साखर? (खोटं लिहू नका, जिलबीचं मला अम्मांनी कळवलंय.) मी ठणठणीत आहे. दोन्ही वेळा डाळभात आणि सुक्या मासळीचं भरीत खाते, दिवसभर छावणीच्या टेकड्या चढते-उतरते. एक विनंती, दुकानात येईल त्याला ‘भाची डॉक्टर होतेय’ म्हणून सांगणं थांबवा. परवा तुमच्या एका गिऱ्हाइकाने फोन करून मला आपली मूळव्याध सविस्तर सांगितली. मी युद्धातून पळून आलेल्यांना मिळणाऱ्या मदतीची डॉक्टर होणार आहे, आणि तीही झाले तर.

कारण प्रबंधाचं गाडं अडलंय. विषय तुम्हाला ठाऊक आहेच: निर्वासितांच्या छावणीतली तक्रारपेटी. मदतीत काही कमीजास्त झालं तर माणसाने चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची, संस्थेने ती वाचून दुरुस्ती करायची. चार महिने खेटे घातल्यावर (एक परवाना, त्या परवान्यासाठी लागणारा परवाना, आणि तो देणारे साहेब रजेवर) आमच्या विभागातली पेटी माझ्यासमोर उघडली. आत एकसष्ट कागद निघाले. एकसष्टच्या एकसष्ट कोरे. प्रत्येकावर खाली फक्त अंगठा.

संस्थेच्या साहेबांनी तिथल्या तिथे नोंद केली: तक्रारी शून्य. माझे मार्गदर्शक शफीउल सर (छावणीत एकदाच आले होते, बूट चिखलात रुतला तसे परत फिरले) फोनवर म्हणाले, शून्य हाही निष्कर्षच असतो, पुढचं प्रकरण लिहायला घे. मला काही चैन पडेना. मी छावणीतल्या दिलबहार खालांकडे गेले. सीमेपलीकडून आल्यापासून खालांनी इतक्या संशोधकांना मुलाखती दिल्यात, की माझी प्रश्नावली ऐकून म्हणाल्या, “नववा प्रश्न आधी घे, पोरी. सहाव्याला बायका रडतात, मग पुढचं काही हाती लागत नाही.” कोऱ्या कागदांचं विचारलं तर माझ्याकडे बघतच राहिल्या. “अगं, आम्हाला लिहिता येतं का? अंगठा दिला म्हणजे आमचं काहीतरी म्हणणं आहे. काय ते त्यांनी घरी येऊन, बसून विचारायचं. एवढी रीत नाही होय शिकलेल्यांत?”

मामा, तीन वर्षं मी तक्रारपेट्यांवर वाचतेय, हे एकाही पुस्तकात नाही.

मग खालांना बरोबर घेऊन मी घरोघर बसले, विचारलं, पानं खाल्ली (तोंड अजून लाल आहे, अम्मांना सांगू नका). सगळ्यांचं म्हणणं एकच: संडासाच्या वाटेवरचा दिवा पाच महिने बंद आहे. अंधारात त्या उतारावरून जायची भीती वाटते, म्हणून बायका दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. खालांनी हे इतक्या सहज सांगितलं, की मी वहीत ‘पाणी: दुपारी दोनपर्यंत’ असं टिपून घेतलं. आणि मग मला माझी लाज वाटली, मामा. फार वाटली.

संस्थेत जाऊन सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ही तक्रार पेटीत टाका.

शफीउल सरांना मात्र कोण आनंद! म्हणाले, असा पुरावा नशिबाने मिळतो, दिव्याला हात लावू नकोस, वर्षभर नुसती निरीक्षणं कर.

बाकी सगळं ठीक. मामींना सलाम, पोरांना माझे धपाटे.

तुमची,
रुबाई

ता. क. दुकानात खांबावर बसवायचे सौर दिवे आहेत ना? त्यातला एक पाठवा, नटबोल्टसकट. मजबूत द्या, गिऱ्हाइकाला देता तसला नको. बसवायची परवानगी मी काढलीये (हो, आणखी एक परवाना).

आणखी एक ता. क. दिवा लागला की विषय गेला, तीन वर्षं गेली, पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात, असं सरांनी बजावलंय, आणि ते खरंच आहे. तेव्हा बुधवारच्या बसनेच पाठवा. गुरुवारी सरांचा फोन येतो, आणि त्यांच्यापुढे माझं काही खरं नसतं.