थोरलीचं करवंद

प्रिय काशी,

तुझं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही, आज कागदावर लिहितानाही हात अडखळला. तुला वाचता येत नव्हतं, हेही ठाऊक आहे. पण दुसरी वाट कुठं आहे? तू गेल्यावर तुझ्या नावानं घडवलेला चांदीचा टाक आता माझ्या दुसरीच्या, भागीच्या गळ्यात आहे. तुझ्याशी बोलायचं तर तिच्या गळ्याकडं बघून बोलावं लागतं, आणि कालपासून माझी मान वर होत नाही.

प्लेगात गाव रानात झोपड्या टाकून राहिलं, तिथंच तू गेलीस. घर उघडं पडलं म्हणून भाऊबंदांनी आणे गावच्या भागीशी माझा पाट लावला. तीही नवऱ्यामागं राहिलेली, समजूतदार आहे. लुगडं नवं असो की हंगामाचं पहिलं फळ, आधी तुझ्या टाकाला दाखवते, मग स्वतः घेते. थोरलीचा मान म्हणते.

काल मंचरच्या बाजारातून करवंदांचा द्रोण आणला. काळीभोर, बोटांना चीक लागावा इतकी ताजी! तिच्या आण्याच्या कोरड्या माळावर कुठली आलीय करवंदाची जाळी? भागी नुसती बघतच राहिली. मग मीच म्हणालो, फोडायच्या आधी सांग, कोंबडा की कोंबडी? आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. हरेल त्यानं आपलं करवंद द्यायचं.

लई हसलो गं आम्ही. ओठ जांभळे होईस्तोवर खाल्ली. तू गेल्यापासून जिभेला अशी चव आली नव्हती. भागीनं विचारलं, हा खेळ कुणी शिकवला?

"आसंच, ल्हानपनापासनं येतोय," मी म्हणालो.

केवढं खोटं! खेळ तुझा. तुझ्या माहेरच्या, डिंभ्याच्या डोंगरातून तूच तो या घरात आणलास. हरलीस की गाल फुगवून बसायचीस, आठवतं? आणि मी तुझं नाव गिळून करवंदं खात होतो. हसलो याची तेवढी लाज नाही वाटत. तुला दाराबाहेर उभं करून हसलो, याची वाटते.

तेवढ्यात भागीचा हात गळ्याशी गेला. तोंडातलं करवंद तिनं तळहातावर काढलं.

"आवं, थोरलीला दावायचं ऱ्हायलं की."

आज तिचं डोकं दुखतंय, तर म्हणते थोरली कोपली. उरलेल्या करवंदांना शिवत नाही. द्रोणातच सुकून चाललीत.

तू रागीट होतीस, खोटं कशाला बोलू? पण खाण्यावरून कधी कुणाला बोलली नाहीस. मग तिला तुझा धाक का? विसरलो मी, खोटं बोललो मी, आणि भोगते ती. चोर सोडून संन्याशाला फाशी!

कोपायचं तर माझ्यावर कोप, काशी. आजच तिला सांगतो, खेळ कुणाचा ते. करवंदांचा हंगाम संपायच्या आत गाडी जुंपून तिला डिंभ्याला नेतो. तुझ्या आईपुढं उभं राहायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होईल, तरी नेतो. तुझ्या जाळीचं पहिलं करवंद तुला, दुसरं तिला. तिनं हसत खाल्लं, तरच तिसरं मी तोंडात घालीन.

तुझाच, असं लिहायला हात धजत नाही,
धोंडिबा