लाडकीच्या लग्नाचा चौक

शॉमबर्ग,
अमेरिका, १८ फेब्रुवारी १९८३

ति. ताईस शरयूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. इकडे बर्फ इतकं आहे की पुरुषोत्तम रोज सकाळी फावडं घेऊन गाडी शोधतात. मी घरात बसून भिंती मोजते.

दीपा बरी आहे. (तुझ्या आश्रमशाळेतून दत्तक आणलेली बुधी. इथे नावाचा अर्थ कोणाकोणाला सांगत बसायचं, म्हणून दीपा ठेवलं.) बरी म्हणजे जेवते, शाळेत जाते, सांगितलेलं ऐकते. आठ वर्षांची पोर इतकी शहाणी असू नये गं. पाच महिन्यांत एकदा हसलेली नाही. माझा काचेचा सेट फोडला असता तर मी पेढे वाटले असते.

पण परवा नवल झालं. खाली बेसमेंटमध्ये गेले, तर हिने भिजवलेले तांदूळ वाटून पीठ केलेलं, काडीचं टोक चावून कुंचला केलेला, आणि तपकिरी भिंतभर चित्रं. झाडं, कोंबड्या, तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती हातात हात घालून नाचणारी माणसं. मधोमध मोठा चौकोन, त्याला नक्षीची किनार, आत मात्र काहीच नाही. आणि बाईसाहेब चक्क गुणगुणत होत्या! मी जिन्यातच बसून राहिले. आता रोज शाळेतून आली की खाली जाते आणि वर येते तेव्हा दोन घास जास्त खाते.

तिच्या मोठ्या बहिणीची, लाडकीची पत्रं पाठवू नकोस म्हणून बजावलं होतं, ते तसंच ठेव. आत्ता कुठे खपली धरते आहे.

तुझी पत्रं हाच इथला माझा शेजार. त्यात खंड पडू देऊ नकोस.

तुझी,
शरयू

*

तलासरी,
९ मार्च १९८३

चि. सौ. शरयूस अ. उ. आ.

बुधी चित्रं काढते हे वाचून जीव भांड्यात पडला. (मी बुधीच म्हणणार. जीभ या वयात वळत नाही.) आई गेल्यावर लाडकीनेच तिला कडेवर घेऊन वाढवलं आणि काडी धरायलाही तिनेच शिकवलं. भिंत पुसू नकोस. घराची किंमत कमी होईल म्हणून पुरुषोत्तमराव कुरकुरले, तर त्यांना माझं नाव सांग.

लाडकी दर शनिवारी बाजार उरकून माझ्याकडे येते. बुधी कशी आहे विचारते, मी बरी आहे सांगते. गेल्या शनिवारी तिने विचारलं की अमेरिकेला पत्र जातं का. सातवी शिकलेली मुलगी, माझीच विद्यार्थिनी. मी म्हटलं, थंडीत टपाल अडकतं. वीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवते आहे, आणि हे तोंड माझंच.

माझं पत्र आठ दिवस उशिरा पोचलं तर तू ट्रंक कॉल लावतेस. आपण दोघीही बहिणीच आहोत. जास्त बोलत नाही.

प्रकृतीला जप. माया आहेच, ती पत्रावर अवलंबून नाही.

तुझी,
मालिनीताई

*

शॉमबर्ग,
२० सप्टेंबर १९८३

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

ताई, माझं काहीतरी फार चुकलं आहे आणि काय चुकलं तेच कळत नाही.

यंदा गणपती बेसमेंटमध्ये बसवला, दीपाच्या भिंतीसमोर. मंडळाची तीसेक माणसं दर्शनाला यायची होती. लेकीचं कौतुक व्हावं असं मला वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तो मधला चौकोन रिकामाच. इतकं सुंदर काम आणि मध्ये भोक! ती शाळेत गेली असताना मी लाल-पिवळे रंग आणून त्यात मोठा गणपती काढला. मला वाटलं, हिला आनंद होईल.

ती आली, बघितलं. आरतीला टाळ्याही वाजवल्या. सगळे वाहवा करून गेल्यावर तिने बादली घेतली आणि अख्खी भिंत धुऊन काढली. नाचणारी माणसंसुद्धा. मी हात धरला तर ओल्या हाताने माझा हात बाजूला केला, रागाने नाही, अगदी हळूच. त्याला आज नऊ दिवस झाले. एक शब्द नाही. शाळेतून फोन आला, तिथेही नाही.

पुरुषोत्तम म्हणतात, डॉक्टरला दाखवू. मी म्हणते, आधी ताईला विचारू. मला फार एकटं वाटतं गं. घरात तीन माणसं आणि आवाज फक्त फ्रीजचा.

लवकर लिही. रागावलीस तरी लिही.

शरयू

*

तलासरी,
११ ऑक्टोबर १९८३

चि. शरयूस आशीर्वाद.

तुझं पत्र मी लाडकीला वाचून दाखवलं. तुला न विचारता. ती आधी हसली, मग पदर तोंडाला लावून बसली.

तो लग्नाचा चौक आहे. वारली घरात लग्न असलं की सवाष्ण बाया तो भिंतीवर काढतात आणि आत देवी बसवतात. तो नसेल तर लग्न लागत नाही. कुमारिकेने आतली देवी काढायची नसते. लाडकीने बुधीला सांगितलं होतं की तू किनार शिकून ठेव, माझ्या लग्नात बायांना पीठ कालवून तूच द्यायचंस. पोर सात महिने बहिणीच्या लग्नाची जागा राखून बसली होती, शरयू. तिथे तू गणपती बसवलास. तुझा हेतू वाईट नव्हता, पण त्या जागेवर आपला हक्क नव्हता.

आता माझं ऐक. बुधीला न्यायला तुम्ही आलात त्या दिवशी मी लाडकीला डहाणूला पुस्तकं आणायला पाठवलं होतं. दोघी रडतील, तुझं मन बदलेल, अशी भीती वाटली. ती परतली तेव्हा जीप गेलेली होती. बुधीला वाटतं, बहीण मुद्दाम आली नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही. माझ्यावर जो राग धरायचा तो धर.

लाडकीचं लग्न माघात ठरलं आहे. तिने काही मागितलेलं नाही. हे मीच लिहिते आहे.

तुझी,
ताई

*

शॉमबर्ग,
२७ नोव्हेंबर १९८३

लाडकीस,

तुझी माझी ओळख नाही. मायना काय लिहावा यातच दोन कागद फुकट गेले. आशीर्वाद द्यावा इतकं मी तुझं काही भलं केलेलं नाही, म्हणून नुसतंच नाव लिहिलं.

मालिनीताईचं पत्र मी बुधीला वाचून दाखवलं. तुला पुस्तकांसाठी डहाणूला धाडलं होतं, हे ऐकल्यावर तिने ते वाक्य तीनदा वाचायला लावलं. मग इतकी रडली की पुरुषोत्तम घाबरून खाली धावत आले. मी रडू दिलं. नंतर तिने विचारलं, लाडकीताई जीपच्या मागे धावली का. मला माहीत नव्हतं, मी तसंच सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून भिंत पुन्हा सुरू झाली. या वेळी पीठ मी वाटते. काडीला जास्त पीठ घेते म्हणून तुझी बहीण मला ओरडते, आणि माझ्या कोंबड्या उंदरांसारख्या दिसतात म्हणून हसते. हो, हसते. हसताना पुढचे दोन दात दिसतात, हे मला वर्षाने कळलं.

माघात आम्ही दोघी येतो. पीठ तीच कालवेल. मी बाहेर ओटीवर बसेन, कोणी बोलावलं तरच आत येईन.

मी तिला सांभाळलं, पण विचारलं नव्हतं. लग्न झालं की तू तिला विचार, कुठे राहायचं. माझ्यासमोर नको, माझं तोंड बघून ती खरं बोलणार नाही. तुझ्याजवळ राहते म्हणाली तर ताई शाळेत नाव घालेल. मी रडेन, पण अडवणार नाही. परतीची तिकिटं दोन काढली आहेत, ती केवळ काढावी लागतात म्हणून. रोज मनाला बजावते की एक वाया गेलं तरी चालेल, आणि रोज ती शाळेतून यायच्या वेळी मी दारात जाऊन उभी राहते.

तुझा लोभ मागायचा मला अधिकार नाही. तरीही मागते.

शरयू