कुलूपवाल्याचा डोळा

४ मे

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

तुझं चार पानी पत्र मिळालं. तीन पानं कवितांची, एक बोटीचं. बोटीचं नंतर लिहिते. आधी एक सांगायचं आहे, आणि ते लिहिताना ही बेचाळीस वर्षांची बाई शाळकरी पोरीसारखी शाई सांडते आहे.

मी प्रेमात पडले आहे. वहिनीला आधी बसव आणि मग सांग.

तो कुलपं करतो. किल्ल्या घासतो, अडकलेल्या तिजोऱ्या उघडतो. एकदा पोलादी स्प्रिंग उडाली आणि डावा डोळा गेला, म्हणून तो आमच्या कारखान्यात काचेचा डोळा करून घ्यायला आला. आमचं काम तुला ठाऊक आहे. माणसाला खिडकीपाशी बसवायचं, त्याच्या शाबूत डोळ्यात बघत राहायचं, आणि ज्योतीवर काच मऊ करून तसाच दुसरा घडवायचा. इतकी वर्षं मी लोकांच्या डोळ्यांत बघते आहे. लोक अवघडतात, छताकडे बघतात. हा मात्र उलट माझ्याकडेच बघत बसला. दुसऱ्या बैठकीला त्याने विचारलं की माझ्या उजव्या बुबुळात एक पिवळा ठिपका आहे, हे मला कुणी सांगितलं आहे का. कुणी सांगितलं नव्हतं रे. तिसऱ्या बैठकीची खरं तर गरज नव्हती. मी ती ठेवली.

याला दोन वर्षं झाली. आधी लिहिलं नाही, कारण तू लगेच कविता केली असतीस.

आता बोट. युद्ध तोंडाशी आलंय, म्हणून परक्या देशाच्या लोकांनी जूनअखेर निघावं, असं इथे सांगून झालंय. चौकात वाळूची पोती रचताहेत. त्याच्या दुकानापुढे रांग लागते, कारण शहर सोडणारे जादा किल्ल्या करून शेजाऱ्यांकडे ठेवून जाताहेत. तरी मी येत नाही. एका डोळ्याच्या माणसाला सैन्यात घेत नाहीत, दादा. आमच्या जिन्यावरच्या सगळ्या बायका डोळे पुसताहेत आणि मी एकटीच मनात हसते आहे. वाईट आहे हे, पण तुझ्यापाशी काय लपवायचं?

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ या पत्रानंतरही टिकला तर कळवावं.

तुझी,
भिंगरी

१५ मे

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या वहिनीला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली आणि म्हणाली, की हे तिला गेल्या वर्षीच कळलं होतं, कारण तुझ्या पत्रांतली तिकडच्या थंडीची तक्रार बंद झाली होती. पस्तीस वर्षं मी पोरांना कवितेतलं सूचक शोधायला शिकवलं, आणि घरात हे असं.

तू ठरलेलं लग्न मोडलंस, केस कापलेस, आणि हँडल सोडून शाळेच्या उतारावरून सायकल हाकलीस, तेव्हा लोक मला म्हणायचे, मास्तर, आवरा हिला. मी वर्गाच्या खिडकीत उभा असायचो. तुझा पदर मागे उडत असायचा आणि माझ्या हातातलं पुस्तक मिटून जायचं. आवरायचं कुणाला आणि कशाला? अजून कधी कधी दुपारी डोळा लागला की तो उतार दिसतो. त्यावर आता कुणी नसतं.

म्हणून तुझ्या कुलूपवाल्याविषयी माझं काही म्हणणं नाही. तो काय वाचतो, एवढं मात्र कळव. काहीच वाचत नसेल तर निदान ऐकून घेतो का?

पण बाळ, प्रेम कवितेत फार सुटसुटीत असतं. तिथे भोंगे वाजत नाहीत, पाव संपत नाही. तुझं पत्र येताच बोटीवर मी तुम्हा दोघांसाठी दोन जागा मागितल्या. तिकडच्या पुरुषांना देश सोडायला बंदी आहे म्हणून एकच मिळाली. ती तुझ्या नावाने तशीच राखून ठेवली आहे. तुला ये म्हणायचा मला हक्क नाही, हे मला कळतं. तरी म्हणतो, ये.

तुझा,
दादा

२७ मे

तीर्थरूप दादा आणि सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

ज्याची धास्ती नाही म्हणून मिरवत होते, तेच दारात येऊन उभं राहिलंय.

त्याचा धाकटा भाऊ भरती झाला, त्याच्या आळीतले सगळे झाले, आणि एका सकाळी दुकान बंद करून हाही रांगेत जाऊन उभा राहिला. तिथे उजवा डोळा झाका म्हणाले, की डाव्याने वाचायचं. मग डावा झाका, की उजव्याने. याने दोन्ही वेळा डावाच झाकला, फक्त हात बदलला. कारकुनाला रांग संपवायची घाई. आणि बाकीचं फसवायचं काम माझ्या काचेने केलं. पास झाला! हे मला सांगताना तो असा खुलला होता, की मी आधी हसले आणि मग मला घेरी आली.

आता वीस जूनला मोठी तपासणी आहे, डॉक्टरपुढे. आसवांनी काच झिजते, वर्ष-दोन वर्षांत तिची चमक जाते. जुना डोळा आता जवळून बघणाऱ्याला कळेल, म्हणून त्याने माझ्याकडे नवा मागितला. शर्टाचं बटण लावून दे म्हणावं, तितक्या सहज मागितला. जाऊ का, असं त्याने विचारलं नाही. मला का विचारलं नाहीस, असं मीही विचारलं नाही. आम्ही चहा पीत बसलो.

चांगला डोळा केला तर तो जाईल. नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाकडून करून घेईल. वर जाऊन सांगितलं तर त्याला फसवणुकीबद्दल धरतील. वहिनी, तू म्हणशील आधी जेवून घे. जेवले. पुढे काय करू, सांगा.

तो काही वाचत नाही, दादा. ऐकून घेतो.

तुमची,
भिंगरी

७ जून

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून टेकडीवर गेलो. अंधार पडेपर्यंत उतरलो नाही, म्हणून घरी बोलणीही खाल्ली.

डोळा चांगला कर. तो तुझ्याकडे विश्वासाने आला आहे. जगातलं कुठलंही काम तू मुद्दाम बिघडवू शकशील असं मला वाटत नाही, आणि शकलीस तर ते तुला आयुष्यभर टोचत राहील. ज्याला जायचंच आहे त्याला चांगल्यातलं चांगलं देऊन निरोप द्यावा, आणि मग तू बोटीत बसावंस. मी धक्क्यावर येईन.

पोरांकडून मी वीररसाच्या किती कविता खणखणीत म्हणवून घेतल्या! त्यांत मागे राहणाऱ्या बाईला एखादं कडवंसुद्धा नसायचं, हे आज लक्षात आलं. तरी मला दुसरं काही सुचत नाही.

तुझा,
दादा

७ जून, दुपार

वन्सं,

नणंद म्हणून तुम्ही-आम्ही करायला मला जमायचं नाही. तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्या आहेत. हे झोपले आहेत तेवढ्यात लिहिते, आणि पोस्टात मीच टाकते.

यांचं पत्र तुला मिळेलच. फार सुंदर लिहिलंय, मी वाचून रडले. त्यातलं एक अक्षर ऐकू नकोस.

चांगलं काम, चांगलं काम! अगं, मी इतकी वर्षं उत्तम स्वयंपाक करते, पण नको असलेला पाहुणा मुक्काम हलवीना, की आमटीत मीठ कसं पडतं ते मला ठाऊक आहे. डोळा तुझ्या हातात आहे ना? मग हात थोडा चळू दे. तो चिडेल, आठ-पंधरा दिवस बोलणार नाही. न बोलणारा माणूस घरात असलेला मला चालतो. यांच्याबरोबर मी तसे महिने काढले आहेत.

राहायचं की बोटीने यायचं, ते तू ठरव. आलीस तर खोली झाडून ठेवली आहे. नाही आलीस तर त्या खोलीत हे पुस्तकं भरतील, दुसरं काय!

जेवत जा.

तुझी,
वहिनी

१२ जुलै

तीर्थरूप दादा आणि सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

युद्ध सुरू झालं हे तुम्हाला वर्तमानपत्राने सांगितलं असेल, आम्हाला भोंग्याने. मी सुखरूप आहे. आमच्या खिडक्यांना काळा कागद लावलाय, रंग जुळवायला उजेड पुरत नाही, त्यामुळे काम दुपारी लवकर संपतं.

दादा, वहिनीने तुझ्या पाठीमागे मला एक पत्र लिहिलं होतं. तिला रागावू नकोस. तुमची दोन्ही पत्रं एकाच टपालाने आली, आणि ती शेजारी-शेजारी ठेवून मी ज्योत पेटवली. आधी तुझं ऐकलं. तो डोळा इतका जिवंत उतरला, की मला त्याच्याकडे बघवेना. मी तो पुन्हा वितळवला. मग वहिनीचं ऐकलं. वाईट काम करायला एवढी मेहनत पडते हे मला माहीत नव्हतं. हात आपोआप बरोबर जायचा आणि मी त्याला ओढून चुकीकडे न्यायची. बाहुली मोठी ठेवली, तपकिरीत करडा जास्त ओतला. अंधारात टपून बसलेल्या मांजराचा वाटावा असा डोळा झाला.

तो आला, डोळा बसवला आणि आरशापुढे उभा राहिला. केसभर चूक बोटाला कळते असा हा माणूस. मी पाठ करून काचेच्या नळ्या पुसत होते. म्हणाला, की काच गार लागते आहे, बसेल सवयीने. टोपी घालून निघून गेला.

वीस तारखेला संध्याकाळी कारखान्याच्या पायरीवर बसलेला दिसला. डॉक्टरने त्याला खोलीच्या दारातूनच परत पाठवलं होतं. वर हेही सुनावलं होतं, की हा डोळा ज्याने केला त्याला गोट्या करायच्या कामावर लावा. हे सांगताना तो खूप हसला, आणि मग एकदम थांबला. मी म्हटलं, की हे मी जाणूनबुजून केलं. तो म्हणाला, की त्याला आरशाच्याही आधी कळलं होतं, त्याच्याकडे न बघता मी डोळ्याची डबी पुढे केली तेव्हाच. मग घातलास कशाला, असं मी विचारलं. त्यावर म्हणाला, की जाऊ का, असं त्याने मला विचारलं नव्हतं, तरी मी उत्तर दिलं होतं, ते ऐकणं भाग होतं. एवढं बोलून उठून गेला.

त्यानंतर तो आलाच नाही. बोट सुटायचा दिवस आला. तो परत येईल की नाही हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी धक्क्यावर जाऊन माझी जागा आमच्या कारखान्यातल्या एका बाईला दिली. तिच्या कडेवर मूल होतं. बोट दिसेनाशी झाल्यावर मला जाम भीती वाटली, दादा. पूर्वी हे मी तुला लिहिलं नसतं.

आठवड्याने तो हत्यारांची पेटी घेऊन आला. माझ्या खोलीचं जुनं कुलूप काढलं, स्वतः केलेलं बसवलं, एक किल्ली मला दिली आणि दुसरी स्वतःच्या खिशात टाकली. त्या रात्रीपासून तो इथेच राहतो. धाकट्या भावाचं पत्र आलं की मोठ्याने वाचतो. आलं नाही त्या दिवशी माझ्याशी बोलत नाही, आणि मी ते सोसते.

मी त्याला नवा, नीट डोळा करून देते म्हटलं. नको म्हणाला. रस्त्यात धडधाकट पुरुष साध्या कपड्यांत दिसला की बायका आता टोमणे मारतात. याच्याकडे एकदा बघतात आणि गप्प होतात. त्यामुळे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम रोज माझ्या हातात हात घालून बाजारात येतं, रोज माझ्यासमोर बसून जेवतं. ओळखीचे कारागीर बघून कुजबुजतात. मी सरळ सांगते, की हो, माझंच आहे.

टपाल यापुढे कसं चालेल कुणास ठाऊक. लोभ आहेच, तो आता दोघांना पुरेल एवढा असावा.

तुमची,
भिंगरी