ब्रेकच्या काठीचं वजन आणि माझा अर्धा हॉल

मी, पूलच्या हॉलमधले लोक ज्याला थोरला म्हणतात तो, आज रोजी जागा आहे, शुद्धीत आहे आणि चिडलेलाही आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या माघारी कोणीतरी ‘म्हाताऱ्याला भ्रम झाला होता’ म्हणणार, आणि कोण म्हणणार तेही मला ठाऊक आहे. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. खोलीत दुसरं कोणी नाही. दार आतून लावलं आहे, दोनदा पाहिलं. यापूर्वीचं माझ्या नावाचं मृत्युपत्र कोणी पुढे केलं तर ते बनावट समजावं.

कलम १. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि सगळं सामानसुमान माझ्या मुलीला द्यावं. ती नर्स आहे, दुसऱ्या शहरात असते आणि माझ्याशी खोटं बोलत नाही; निदान मला सापडेल असं तरी बोलत नाही. कपाटाची किल्ली कुठे असते ते तिला तोंडी सांगितलं आहे. इथे लिहिणार नाही.

कलम २. काठ्यांच्या टोकाला चामड्याच्या टिपा बसवायची हत्यारं टेबलांचं कापड बदलणाऱ्या कारागिराला द्यावीत. माझी एक कानस त्याने नेलेली आहेच. बाकीचंही न्यावं, म्हणजे संच पुरा होईल.

कलम ३. ब्रेकची काठी. ही कोणाला द्यायची ते पुढे लिहीन, आधी ती काय आहे ते समजून घ्यावं. पूलच्या टेबलावर रचलेले बॉल पहिल्या टोल्याने फोडतात, तो ब्रेक. त्यासाठी वेगळी काठी लागते. खेळायच्या नाजूक काठीने ब्रेक करणारा माणूस उद्या घड्याळाने खिळा ठोकेल. काठी सरळ आहे का हे टेबलावर गडगडवून बघू नये. दुकानदार मुद्दाम तेच करून दाखवतात. एक डोळा मिटून नेम धरल्यासारखी तिच्या लांबीवरून नजर टाकावी. टिप कडक हवी आणि जरा चपटी. वजन मात्र दुकानात ठरत नाही. बुंध्याचं रबरी बूच काढलं की आत बोल्ट असतो. लांब किल्लीने तो पिळून काढायचा, जड-हलके बोल्ट घालून बघायचे. बॉल चहूकडे फुटले आणि ज्याला टोला मारला तो पांढरा बॉल टेबलाच्या मधोमध येऊन थांबला, की वजन जमलं. पांढरा उधळला तर आपण नुसती ताकद दाखवतोय.

ही काठी मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून घेतली, तिथेच चुकलं. मला जड बोल्ट लागतो, त्याला हलका. तो म्हणायचा, “दादा, जड काठीने हात मंदावतो. फोडतो तो वेग.” मी म्हणायचो, “तू कान खाजवायची काडी घे मग!” पुढे एका स्पर्धेच्या शेवटच्या डावात, ब्रेक माझा असताना, काठीत त्याचा हलका बोल्ट निघाला. पांढरा टेबलावरून उडाला तो थेट पंचांच्या मांडीवर. हरलो. तो म्हणाला, बदलायचा विसरलो. मी म्हणालो, मुद्दाम केलंस. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

हॉल मात्र दोघांचा, अर्धा-अर्धा. सकाळ माझी, संध्याकाळ त्याची, आणि भिंतीवर काठी एकच. सकाळी मी त्याचा बोल्ट काढून माझा घालायचो, संध्याकाळी तो माझा काढून त्याचा. अशी वर्षं गेली. दुसरी काठी आणायची नाही, कारण जो आणेल तो हरला.

<s>कलम ४. हॉलमधला माझा अर्धा हिस्सा शेजारच्या टायरवाल्याला विकावा आणि पैसे मुलीला द्यावेत. टायरवाला मध्ये भिंत घालील, टेबलं उचलील, जागेत टायर रचील. रचू दे. कारण असं: खांद्याच्या ऑपरेशननंतर मी हॉलवर परत आलो, तेव्हापासून धाकट्याने बोल्टला हात लावलेला नाही. रोज सकाळी काठी घेतो तर माझा जड बोल्ट जागच्या जागी. इतकी वर्षं जो न चुकता माझ्या वाटेत काटे पसरायचा, तो एकाएकी साधू होतो? कुठेतरी पाणी मुरतंय. चोरून दुसरी काठी घेतली म्हणावं, तर त्याचा खण पाहिला, नाही. मग उरतं एकच. हॉल परस्पर विकायचं ठरलंय, आता काठी कशीही असली तरी त्याला काय. तेव्हा त्याच्या आधी मीच विकतो.</s>

कलम ५. वरचं लिहून झाल्यावर खात्रीसाठी सापळा लावला. दुपारी जाताना मी स्वतः जड बोल्ट काढला आणि त्याचा लाडका हलका बोल्ट घातला. किल्ली पिळताना खांद्याने जीव नकोसा केला. दुसऱ्या दिवशी बघतो तर आत पुन्हा जड! आयतं ताटात वाढलेलं त्याने बाजूला सारलं.

त्या संध्याकाळी मी हॉलच्या बाहेर खिडकीशी उभा राहिलो. धाकटा ब्रेक करत होता, माझ्या जड काठीने. पांढरा पाय ओढत गेला, निम्मे बॉल जागचे हललेच नाहीत. एकजण फिदीफिदी हसला. याच माणसाचा ब्रेक ऐकायला रस्त्यावरचे लोक थांबायचे. त्याने काठी भिंतीला लावली.

“भावोजी, चोरासारखे काय उभे?” मागून भावजय म्हणाली. ती त्याचा डबा घेऊन आली होती.

“त्याचा डाव काय आहे ते सांग. बोल्ट का बदलत नाही?”

“अहो, डाव कसला डोंबलाचा! तुमचा खांदा असा. ‘सकाळी सकाळी दादाला किल्ली पिळावी लागायला नको. संध्याकाळी बदलला आणि रात्री परत घालायचा पुन्हा विसरलो तर?’ म्हणाले. मी म्हटलं, मग जाऊन बोला त्यांच्याशी. तर म्हणे, आधी त्याने बोलावं. दोघेही एकाच माळेचे मणी!”

मी विश्वास ठेवला नाही. बायको नवऱ्याचीच बाजू घेणार. पण रस्ताभर विचार केला. खोटं बोलायचं तर माणूस पटेल असं खोटं बोलतो, आणि हे इतकं वेडगळ आहे की खरंच असणार. मला त्याचा भयंकर राग आला. लोक हसत होते आणि हा गाढव माझ्या खांद्यापायी रोज हरत होता. घरी येऊन मी रडलो. जड काठी मलाही आता झेपत नाही, पण तसं म्हटलं असतं तर त्याचं खरं ठरलं असतं.

कलम ६. कलम ४ मी स्वतः खोडलं आहे आणि खाडाखोडीवर सही केली आहे. हॉलचा माझा अर्धा हिस्सा धाकट्या भावाला द्यावा. ब्रेकची काठीही त्यालाच, आत हलका बोल्ट घालून. टायरवाल्याला माप घ्यायलासुद्धा आत सोडू नये. स्पर्धेच्या दिवशी तो खरंच विसरला की मुद्दाम वागला, याबद्दल माझा संशय कायम आहे. हिस्सा दिला म्हणून संशय मिटला असा अर्थ कोणी काढू नये.

सहीचं ठिकाण: वकीलबाईंचं ऑफिस, पंख्याखालचं टेबल.
दिनांक: वकीलबाई घालतील. माझ्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नाही.
सही: थोरला

साक्षीदार १: हॉलसमोरचा न्हावी. सही केली.

साक्षीदार २: वकीलबाईंचा कारकून. सही केली. या जागी वकीलबाईंनी मला न विचारता धाकट्याला बोलावलं होतं. तो पेन उघडून बसलाही होता. मी वकीलबाईंना म्हणालो, “याची सही चालायची नाही. ज्याच्या नावे काही ठेवलंय त्याने साक्ष द्यायची नसते, असं तुम्हीच सांगितलंत.” तेव्हा धाकटा इतक्या वर्षांनी माझ्याकडे वळून म्हणाला, “दादा, माझ्या नावे? काय ठेवलंस?”

“मी मेल्यावर कळेल,” मी म्हणालो.

“मग नको कळायला,” असं म्हणून त्याने पेनला टोपण लावलं.