अव्वाची बसकी गिरकी

मुक्काम मुरुम

प्रिय वर्षाराणी,

अव्वाला कसं बसवलं, असं तू फोनवर विचारलंस आणि दारात कुणीतरी आलंय असं सांगून मी फोन ठेवला. दारात कुणी नव्हतं. तोंडाने सांगायला गेले की आवाज कोरडा निघतो, आणि अक्काला काही वाटतच नाही असं तुला वाटलं असतं. तसं पाहिलं तर खरंच काही वाटत नाही. दूधवाला अजून दोघींचं दूध घालून जातो. मी ते तापवते, साय काढते, विरजण लावते. येणारी प्रत्येक बाई, आई गेली, रडून मोकळी हो म्हणते. मी मान हलवते आणि चहा टाकते.

टीव्ही मात्र चालू असतो. मागच्या उन्हाळ्यात तू कॅनडाहून आलीस आणि बर्फावरच्या स्केटिंगच्या स्पर्धा कशा लावायच्या ते अव्वाला शिकवून गेलीस. तू गेलीस आणि इथं रोजचं सुरू झालं. बाहेर ऊन मी म्हणतंय, पंखा गरम वारा फेकतोय, आणि आमच्या समोर पांढरंशुभ्र बर्फ. आवाज ती बंदच ठेवायची. "इंग्रजी ऐकत बसू का पोरीचा पाय बघू?" म्हणायची. वीज गेली की पडद्याकडे बघत तशीच बसायची, आणि आली की आधी मला हाक, मग रिमोट.

उड्यांचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. "उड्या काय, शेरडं बी मारत्यात." तिला बघायची असायची अंगाची ठेवण. एका पायावर सरकत जाताना दुसरा पाय मागे डोक्याच्याही वर धरणारी मुलगी तिची बगळी. कमरेतून मागे वाकून, तोंड आढ्याकडे करून गिरकी घेणारी म्हणजे माळ्यावरचा डबा शोधणारी. आणि एखादी मागून आपलं पाऊल हातात धरून डोक्यावर ओढून घ्यायची आणि तशीच फिरायची, तिला अव्वाने नाव ठेवलं नाही. फक्त "अय्यय्यो" म्हणून हात जोडायची. पण नजर भारी कडक. "पाय चांगला लांबवलाय गं, पण अंगठा बघ, ढिला सोडलाय. सगळं घालवलं बघ." तुला पंच म्हणून पाठवू का, असं मी चिडवलं की म्हणायची, "धाड की. गार तरी लागंल."

सगळ्यांत लाडकी होती ती बसकी गिरकी. एक गुडघा पार दुमडून जवळजवळ खाली टेकायचं, दुसरा पाय समोर सरळ लांब, आणि तशा बसल्या बसल्या भिंगरीसारखं फिरायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिने खुर्चीच्या हातावर थाप मारली. "वर्षीला फोन लाव. ही बघ, माझ्यावानी बसलीया!" तुमच्याकडे तेव्हा सगळे झोपलेले असणार, म्हणून मी लावला नाही. तिचं खरंच होतं. जिन्यावरून पडल्यावर डाव्या पायात सळई घातली, तेव्हापासून तो गुडघा वाकलाच नाही. उजवा पाय खुर्चीत मुडपून, डावा समोरच्या स्टुलावर लांब, अशीच ती इतकी वर्षं बसली. लोकांना ते अधू बसणं दिसायचं. तिला त्या दिवसापासून ते शोभेचं वाटायला लागलं. मी स्टूल सरळ केलं की पायाचा अंगठा ताठ करून दाखवायची.

एक गोष्ट तिने तुला कधी सांगितली नाही. आपल्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून, हातात गळ्यातलं इष्टलिंग देऊन, बसतं करून मातीत ठेवतात. तिच्या थोरल्या जावेचा पाय असाच आखडलेला होता. पुरुषांनी जोर लावला, आणि तो आवाज अव्वाने शेजारच्या खोलीतून ऐकला. मी गुडघ्याला तेल लावत असले की मध्येच म्हणायची, "शिवा, माझा पाय मोडू दिऊ नगंस." मी बरं म्हणायचे, जसं आपण भाजी आणायला बरं म्हणतो.

त्या सकाळी अंघोळ करून खुर्चीत बसली आणि मान कलली. दुपारपर्यंत घर भरलं. भिंतीला टेकवून बसवलं, भस्म लावलं, उजवी मांडी सहज घातली गेली. डावा पाय तसाच पुढे. बंडप्पा काका बाह्या सारून पुढे आले. "बाजूला हो पोरी. मेलेल्या माणसाला दुखतंय व्हय?" मी गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून बसले आणि म्हटलं, पायाला कुणी हात लावायचा नाही. काका खवळले. मांडी न घालता मूठमाती दिली तर समाजात तोंड कसं दाखवायचं, म्हणून ओरडले. मी गुडघ्यावरचे हात काढले नाहीत. उठलेही नाही. शेवटी विधी करायला आलेले महांतय्या स्वामी म्हणाले, "लिंग हातात हाय, पाठ ताठ हाय. पाय लांब केला म्हणून शिव काय रागावत न्हाय. चला, उशीर करू नगा." काका त्यावर बाहेर जाऊन बसले.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. शेजारच्या शिवकुमारच्या बायकोने तुला कळवलं की अव्वाचा पाय मोडून तिला बसवलं, आणि तू जेवत नाहीस, हे मला तुझ्या नवऱ्याने सांगितलं. ती काकांचा आरडाओरडा ऐकून घरी गेली, पुढचं तिने पाहिलंच नाही. वर्षे, पाय मोडला नाही. खड्डा नेहमीच्या मापाचा होता, खाली ठेवताना पाय अडला, तेव्हा सगळे उन्हात उभे राहिले आणि खड्डा खणणाऱ्या गोरोबाने पुढच्या बाजूला आणखी खणून जागा केली. मग ती नीट बसली. उजवा पाय दुमडलेला, डावा समोर सरळ, पाठ ताठ, तुझ्या त्या पोरींसारखी. तू जेव. जमलं तर माझ्याही वाटचं रडून घे, मला अजून येत नाही. फक्त तिचा अंगठा एका बाजूला कलला होता. मी खाली उतरले, तो हातात धरून ताठ केला, आणि मग माती टाका म्हटलं.

तुझीच,
शिवाक्का