डावी बाजू अर्धा इंच वर

प्रिय सुतळी,

या नावाने हाक मारली की तू चिडतेस. तरी तेच लिहिते आहे, कारण दुसरं काही लिहिलं तर पत्र माझं वाटणार नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेज न वाचता पुसून टाकतेस, असं तूच मामीला सांगितलंस. म्हणून हा कागद. कुरिअरवाला शनिवारी दुपारी बारापर्यंत देतो म्हणालाय. त्याच्या शब्दावर माझा फारसा भरवसा नाही, पण इलाजही नाही. अर्धं वाचून फेकू नकोस, नुकसान तुझं होईल.

तू शिवलेला निळ्या ठिपक्यांचा फ्रॉक परवा पाठवला, तो मिळाला असेल. तू चेन बदलायला आणलास तेव्हा मी जे बोलले ते सगळं मागे घेत नाही. ते पिन-अप का काय ते, माझ्या आईच्या काळातल्या बायकांसारखे गुंडाळून वर चढवलेले केस, लालभडक ओठ, कंबरेला चापून बसणारा फ्रॉक, हे मला अजूनही पटत नाही. त्यातून स्पर्धा, आणि निवडलेल्या बारा जणी भिंतीवरच्या कॅलेंडरवर. तुला खिळ्याला टांगून घ्यायची हौस आली का, असं मी विचारलं. तू हातातला कप खाली ठेवलास आणि शांतपणे म्हणालीस, "आई, तेरा वर्षं मी तू शिवलेल्या कपड्यांत लपून बसले. आता पुरे."

तुझा तो फोटो मला मामीनेच दाखवला होता. पाठमोरी उभी, कंबरेवर हात, मान वळवून हसणारी. मामी म्हणाली, काय गोड दिसतेय! मला मात्र फक्त तुझी पाठ दिसली. तेराव्या वर्षी डॉक्टरांनी कणा वाकडा आहे म्हणून सांगितलं आणि तीन वर्षं तो टणक पट्टा तुझ्या अंगावर चढला. त्यावर मी ढगळ कुडते शिवले, खांद्याला चुण्या घातल्या, पट्ट्याची कड दिसू नये म्हणून मागे दुहेरी कापड लावलं. वर्गात कुणाला पत्ता लागला नाही, असं मी डॉक्टरांना अभिमानाने सांगितलं. तू शेजारी बसून मान डोलावलीस. पट्टा सुटला, पण कपडे तसेच राहिले. त्याबद्दल मी तुला कधी एका शब्दाने विचारलं नाही.

शिवणवर्गात तीस वर्षं मी पहिल्या दिवशी कच्चा टाका शिकवला. लांब, सैल टाका. मशीन मारेपर्यंत कापड धरून ठेवायचं, मग तो उसवून टाकायचा, एवढंच त्याचं काम. एका मुलीने परीक्षेला नुसत्या कच्च्या टाक्यावरचा ब्लाऊज इस्त्री करून दिला होता. वरून कळत नव्हतं. मी हाताने ताणला आणि तिला नापास केलं. ती रडली. मी म्हटलं, ही चूक नाही, फसवणूक आहे.

आज सकाळी टेबल आवरताना तुझी कागदी कापणी सापडली, फ्रॉक बेतलास ती, फ्रॉकसोबत आणून इथेच विसरलेली. सगळे एकच बाजू कापतात आणि कापड दुमडून दोन्हीकडे तीच लावतात. तू दोन्ही वेगळ्या कापल्या आहेस. डाव्या बाजूवर पेन्सिलीने तीनदा खोडून लिहिलंयस, 'डावी बाजू अर्धा इंच वर.' मला वाटलं चुकलीस, म्हणून दुरुस्त करायला टेप घेतली, आणि मग खुर्चीवर बसले. तू चुकली नव्हतीस. जे मी तेरा वर्षं झाकलं, ते तू आरशासमोर उभं राहून मोजलंस. असं माप मी कधी घेतलं नाही आणि कुणाला शिकवलंही नाही.

आता नीट वाच. फ्रॉक उलटा कर. चेनच्या दोन्ही बाजूंना, मानेपासून कंबरेपर्यंत, फक्त कच्चा टाका आहे. तो मी जाणूनबुजून ठेवला. कंबरेवर हात ठेवून मान वळवलीस की तो तिथेच, सगळ्यांसमोर सुटणार, हे मला माहीत होतं. एकदा शरमेने मान खाली गेली की पुन्हा माझ्या कपड्यांत येशील, असं वाटलं. या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात सुई टोचली आहे, निळा दोरा ओवलेला आहे. मशीन नसेल तर हाताने बारीक टीप घाल, आणि कंबरेपाशी दुहेरी घाल. शनिवारी तू पाच वाजता मंचावर जाणार, माझी गाडी साडेचारला पोहोचते. खुर्ची राखू नकोस, मी मागे उभी राहीन. माझ्याशी बोललीच पाहिजेस असं नाही. पाठ फिरवून गेलीस तरी चालेल, मला तेवढी शिलाई बघायची आहे.

तुझीच,
आई